रॉड्रिग्जचं झाड आणि पूर्व भागातली मुलं

हिंदी महासागरात, मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्ज नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर. आमच्या सोलापूर महापालिकेची हद्दसुद्धा याहून मोठी आहे. १९७९-८०च्या सुमारास या बेटावरच्या एका शाळेत शिक्षकांनी मुलांना एका झाडाचं जुनं चित्र दाखवलं. हे झाड कधीकाळी बेटावर होतं, आता संपलं, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते. चित्र बघून वर्गातला एक मुलगा म्हणाला, हे आमच्या घराजवळ आहे.

ते खरोखरच होतं. रस्त्याच्या कडेला, ओरबाडलेलं, खुरटलेलं एक झाड. तिथले लोक त्याला कॅफे मारॉन म्हणतात, म्हणजे रानकॉफी. शास्त्रीय नाव रामोस्मानिया रॉड्रिगेसी. जवळजवळ ४० वर्षं जाणकारांपैकी कुणालाही ते दिसलेलं नव्हतं. साऱ्या जगात त्या जातीचं तेवढं एकच झाड उरलेलं होतं, आणि रोज त्याच्यावरून शाळेला जाणारा एक पोरगा ते ओळखत होता.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. फुलाचे भाग शिकवायचे दिवस आले की मला हा प्रसंग आठवतो, आणि आता तर तो सांगितल्याशिवाय मी पुस्तक उघडतच नाही. जगातल्या मोठमोठ्या वनस्पती उद्यानांनी, संग्रहालयांनी ज्या झाडावर काट मारली होती, ते शोधायला कुठली मोहीम निघाली नव्हती. वर्गात एक चित्र फिरलं, एवढंच. शिक्षकांकडं चित्र होतं पण झाडाचा पत्ता नव्हता. मुलाकडं पत्ता होता पण त्या झाडाची किंमत त्याला ठाऊक नव्हती. दोघं एका खोलीत होते म्हणून हे घडलं. शिक्षकी पेशात इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं, शाळा नावाची गोष्ट मुळात याचसाठी असावी.

पण तिथं दाखवायला चित्र तरी कसं होतं, हेही बघण्यासारखं आहे. १८७४ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. ते मोजायला ब्रिटिशांनी ठिकठिकाणी मोहिमा पाठवल्या, त्यातली एक रॉड्रिग्जला गेली. खगोलशास्त्रज्ञांबरोबर आयझॅक बेली बाल्फोर नावाचा एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ होता. बाकीचे आकाशाकडं बघत असताना यानं बेटावरची झाडं गोळा केली, त्यांची वर्णनं लिहिली. बेटाच्या वनस्पतींची ही पहिली पद्धतशीर नोंद. रानकॉफीच्या गोताचं वर्णनही त्याच कामात आलं. शुक्राच्या त्या मोजमापाचं पुढं काय झालं ते आज फार कुणाला आठवत नाही. सोबत गेलेल्या माणसाची वही मात्र अजून कामाला येते आहे.

आता त्या झाडाविषयी, कारण ते झाड स्वतःच मोठं नवलाचं आहे.

रानकॉफीचं रोप लहान असतं तेव्हा त्याची पानं लांबट, अरुंद, तपकिरी झाक असलेली असतात. मधोमध एक फिकट रेघ. बघणाऱ्याला वाटावं, वाळकी काडी आहे. झाड माणसाच्या उंचीकडं झुकू लागलं की वरच्या फांद्यांना अगदी निराळी पानं फुटतात, रुंद, तुकतुकीत हिरवीगार. दोन्ही फांद्या शेजारी ठेवल्या तर एकाच झाडाच्या आहेत यावर विश्वास बसत नाही. मास्करीन बेटांवरच्या, म्हणजे मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्जवरच्या, बऱ्याच झाडांमध्ये ही खोड आहे. अभ्यासकांचा अंदाज असा की ही कासवांसाठीची फसवणूक होती.

रॉड्रिग्जवर माणूस नव्हता तेव्हा महाकाय कासवांचं राज्य होतं. फ्रांस्वा लेगा नावाचा एक फ्रेंच माणूस, धर्मछळामुळं देश सोडून निघालेला, १६९१ ते १६९३ अशी दोन वर्षं काही सोबत्यांसह या बेटावर राहिला. त्यानं लिहून ठेवलंय की कासवं इतकी दाटीवाटीनं असत की त्यांच्या पाठींवर पाय ठेवत शंभरेक पावलं चालत जाता येई. एवढ्या तोंडांपुढं कोवळ्या हिरव्या रोपाचा निभाव कसा लागायचा? म्हणून रोपानं वाळल्याचं सोंग घेतलं, आणि कासवाची मान पोचणार नाही इतकं उंच झाल्यावरच ते टाकलं. असं व्हायला किती पिढ्या गेल्या असतील त्याचा हिशेब मनात मांडायला बसलं तरी डोकं गरगरतं.

पुढं जहाजं येऊ लागली. कासव उलटं करून ठेवलं तर अन्नपाण्यावाचून फार दिवस जगतं, त्यामुळं खलाशांना ताज्या मटणाची ती चालती कोठारं मिळाली. हजारोंच्या संख्येनं कासवं जहाजांत भरून नेली. अठरावं शतक संपता संपता बेटावरच्या दोन्ही जाती संपल्या. डोडोचा चुलतभाऊ शोभेल असा सॉलिटेअर नावाचा न उडणारा पक्षीही त्याच शतकात गेला. मग बकऱ्या आल्या, गुरं आली, शेतीसाठी जंगल साफ झालं. बकरी काही कासवासारखी फसत नाही. वाळकं असो की हिरवं, ती ओढून बघतेच. ज्या शत्रूसाठी झाडानं एवढी तयारी केली तो शत्रू गेला, आणि ज्यासाठी काहीच तयारी नव्हती तो दारात आला. बेटावरच्या जीवांचं बहुतेक असंच होतं.

मुलाच्या त्या वाक्यानंतरची कथा तर मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. बातमी पसरली, बाहेरची माणसं येऊन झाड बघून जाऊ लागली. आणि गावकऱ्यांनी फांद्या तोडायला सुरुवात केली. रानकॉफी हे बेटावरचं जुनं औषध. गुप्तरोगावर आणि रात्री जास्त झालेली दारू उतरवायला तिचा काढा चालतो, असा समज. झाडाला कुंपण घातलं. लोकांना वाटलं, कुंपण घालतात म्हणजे औषध भारीच असणार. कुंपण ओलांडून फांद्या गेल्या. मग दुसरं कुंपण, आणखी बंदोबस्त. मध्येच एकदा झाड पार बुडख्यापर्यंत तोडलं गेलं आणि तिथूनच परत फुटलं.

हे वाचणारे बहुतेक जण गावकऱ्यांवर चिडतात. मला चिडता येत नाही. आमच्याकडं मंगळवार बाजाराच्या बाहेर जमिनीवर पोतं अंथरून मुळ्या, साली, बिया विकणाऱ्या बायका बसतात. त्यांच्याकडून घेतलेल्या मुळीनं कुणाची तरी आई बरी झालेली असते, निदान तसं घरात सांगितलं जातं. रॉड्रिग्जच्या लोकांनीही तेच केलं. आणि असंही वाटतं की ग्रंथांमधून हे झाड गेलं होतं त्या सगळ्या काळात काढ्याची आठवण मात्र घराघरांत टिकून होती. आजीनं सांगितलेला काढा ठाऊक आहे, तो ज्याचा करायचा ते झाड मात्र दिसत नाही, अशी माणसं आपल्याकडंही कमी नाहीत. त्या लोकांशी कुणी आधी बसून बोललं असतं, एक फांदी तुम्हाला आणि चार रोपं उद्यासाठी असा काही सलोखा झाला असता, तर तारा ठोकायची वेळ आली नसती, असं मला वाटतं. अर्थात जगात एकच झाड उरलेलं असताना सलोख्याला वेळ कुठला, हेही कळतं.

१९८६ मध्ये त्या झाडाच्या छाटण्या विमानानं लंडनला, क्यू इथल्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानात पाठवल्या. त्यातली एक रुजली. तिच्या छाटण्यांपासून आणखी रोपं झाली. काचघरात झाड चांगलं पोसलं, पांढऱ्याशुभ्र पाच पाकळ्यांच्या चांदणीसारख्या फुलांनी भरून जायचं. पण फळ धरेना. एक वर्ष नाही, दोन नाही, १५ वर्षांहून जास्त काळ. परागकण होते, कुक्षी होती, दोघांचा संबंध काही जुळत नव्हता. सगळी रोपं एकाच झाडाची तुकडे केलेली रूपं. कितीही वाढवली तरी ते एकच झाड पुन्हा पुन्हा. बी नाही म्हणजे पुढची पिढी नाही.

सातवीच्या मुलांना मी इथं थांबवते आणि टेबलावर जास्वंद ठेवते. आमच्या वर्गात जास्वंदीला तीन नावं लगेच मिळतात, मराठी घरातलं जास्वंद, कन्नड घरातलं दासवाळ, तेलुगू घरातलं मंदारम. पाकळ्या बाजूला केल्या की मधला लांब दांडा, त्यावर पिवळे परागकोश आणि टोकाला पाच इवल्या मखमली गोळ्या. ती कुक्षी. परागकण तिच्यावर पडला की तिथून बारीक नळी काढत खाली अंडाशयापर्यंत जातो. कुक्षी म्हणजे दारावरची माणूस, कुणाला आत घ्यायचं ते ती ठरवते. रानकॉफीच्या झाडात ती कुणालाच आत घेत नव्हती.

२००३ मध्ये कार्लोस माग्दालेना नावाच्या, स्पेनहून क्यूत आलेल्या बागकाम जाणकारानं हे मनावर घेतलं. त्यानं कुक्षीचा वरचा भाग कापला आणि कापलेल्या ओल्या जागेवर थेट परागकण ठेवले. दार उघडत नाही तर दारच काढून टाकायचं. पुष्कळ फुलांवर पुष्कळदा करून झाल्यावर एक फळ धरलं. त्यातल्या बिया रुजल्या, पुढं आणखी फळं, आणखी बिया मिळाल्या, आणि बिया रॉड्रिग्जला परत गेल्या. ज्या बेटावरून एक काडी गेली होती तिथं तिच्या बियांतून रोपं उगवली.

अनंताचं झाड ज्यांच्या दारात आहे त्यांना या फुलाचा अंदाज येईल. अनंत आणि रानकॉफी एकाच कुळातले, कॉफीच्या. आमच्या कुमठा नाक्याकडच्या घरी मागच्या अंगणात अनंत आहे. सोलापूरचा उन्हाळा ४३ अंशांवर जातो तेव्हा त्याची पानं पिवळी पडतात, आणि वळवाचा एक चांगला सडाका झाला की पहाटे अंगणभर वास. आपण त्याला कधी फळ धरलेलं बघत नाही, दुहेरी पाकळ्यांचा अनंत छाटणीवरच पिढ्यानपिढ्या चालत आलाय. बागेत ते चालतं, कारण छाटणी करणारा हात कायम शेजारी असतो. रानात तो हात नसतो.

सोलापूरच्या बाईला हिंदी महासागरातल्या एका झुडपाचं एवढं काय, असं मला विचारलं जातं. मॉरिशसशी आपलं नातं आहेच. १८३४ नंतर गिरमिटी मजूर म्हणून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळांमध्ये मराठी शिकवतात. रॉड्रिग्ज मॉरिशसचाच भाग आहे, तरी तिथली वस्ती मुख्यतः क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वळणाच्या मिश्र वंशाची, तिथं हे नातं पोचत नाही. माझं कारण दुसरं आहे, आणि ते आमच्या माळावर उभं आहे.

रॉड्रिग्जचं मूळ जंगल ज्या परक्या झाडांनी गिळलं त्यांत एक नाव ठळक आहे, सुबाभूळ. मध्य अमेरिकेतलं झाड, जाईल तिथं दाट गचपण करणारं. एकदा शिरलं की बाकी कुणाला उगवू देत नाही. तिथं जंगल वाचवायचं काम करणाऱ्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनसारख्या संस्थांच्या माणसांचा कितीतरी वेळ अशी परकी झाडं उपटण्यात जातो. ग्रांद मोंतान्यच्या राखीव जंगलात आधी परकं झाड काढायचं, मग रोपवाटिकेतलं देशी लावायचं, असं हातानं, एकेका वाफ्यानं काम चालतं.

तेच सुबाभूळ आपण सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत कौतुकानं आणलं. चारा मिळेल, सरपण मिळेल, उजाड माळ हिरवे होतील. गिरीपुष्पही असंच आलं. मी शाळेत होते तेव्हा वृक्षारोपणाच्या दिवशी आमच्या हातात हीच रोपं देत. हेतू चांगलाच होता. पण उजाड म्हणून ज्याच्यावर खड्डे खणले तो माळ उजाड कधीच नव्हता.

हे बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण जातं. सोलापुरातून बार्शी रस्त्यानं नान्नजकडं निघा. एप्रिलमध्ये गेलात तर दगड, धूळ आणि पिवळं गवत. आषाढात पाऊस पडू द्या आणि मग जा. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं गुडघ्याला लागतात. मध्ये विष्णुक्रांतीची निळी फुलं जमिनीलगत. हिवराची एकुलती झाडं लांब लांब उभी. चंडोल आभाळात चढून गातो आणि दगडासारखा खाली येतो. काळवीट आहेत, लांडगा आहे. आणि ज्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं तो माळढोक. ज्या सुमाराला रॉड्रिग्जचा मुलगा चित्राकडं बघत होता त्याच सुमाराला आमच्या नान्नजच्या माळावर हे अभयारण्य उभं राहत होतं. आता नान्नजला माळढोकाची एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते. सगळ्या देशात मिळून हा पक्षी दीडशेच्या आत उरला आहे. त्याला उघडं गवत लागतं, लांबवरचं दिसायला लागतं. शेती वाढली, विजेच्या तारा आल्या, आणि मोकळ्या माळावर आपण झाडांच्या रांगा उभ्या केल्या.

रॉड्रिग्जवर झाडं तोडून जंगल संपवलं, आपण झाडं लावून माळ संपवतो आहोत. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन. पडीक म्हटलं की तिथं काहीही करायला मोकळीक. माळाला चारही बाजूंनी ऊस, द्राक्षं, डाळिंबं आणि वसाहती अशा वेढत आल्यात की तो आता तुकड्यातुकड्यांत उरला आहे, आणि एका तुकड्यावरचं रोप दुसऱ्या तुकड्यावर सहज पोचत नाही. समुद्र नसला तरी ही बेटंच झाली. सह्याद्रीतही तसंच. शिंदळ माकुडी नावाची मांसल पानांची, गडद लाल फुलांची वनस्पती शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कातळांवर उगवते. जगात दुसरीकडं कुठंच नाही. गडावर जाणारे हजारो जण तिच्या जवळून जातात.

आता आमच्या वर्गाचं सांगते.

गेल्या वर्षी भाद्रपद सरता सरता मी मुलांना माळावर नेलं. शाळेत येणारी बरीचशी मुलं पद्मशाली घरांतली. वडील यंत्रमागावर, चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यात. आई किंवा आजी विड्या वळतात. घर दोन खोल्यांचं, अंगण नाही, कुंडीत तुळस असली तर असली. अशा मुलांना माळावरचं काय ठाऊक असणार, असं बरोबर आलेल्या एका पालकांना वाटत होतं. मी रॉड्रिग्जसारखंच करून बघायचं ठरवलं होतं. काही चित्रं काढून नेली होती, ती मुलांच्या हातात दिली आणि म्हटलं, शोधा.

पहिलं चित्र तरवडाचं होतं. पिवळ्या फुलांचं झुडूप, जुन्या काळी कातडं कमवायला त्याची साल वापरत. चित्र बघायचाही अवकाश, एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तंगेडु हाय की! आमची नानम्मा बतकम्माला हेच आणायला लावती." तिच्यामागून आणखी तिघी-चौघी. कुरडूच्या चित्रावर तर भांडणच झालं, कारण प्रत्येकीला आधी सांगायचं होतं की हे गुनुगु. "इकडं काय बघायलाव बाई, तिकडं त्या बांधाला लई हाय," असं म्हणत एक जण मला ओढतच घेऊन गेली.

बतकम्मा हा सोलापूरच्या तेलुगू बायकांचा सण. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस. ताटात फुलांचे थर एकावर एक रचत निमुळता डोलारा उभा करायचा, भोवती फेर धरून टाळ्यांवर गाणी म्हणायची, शेवटी पाण्यात सोडायचा. या डोलाऱ्यात मान असतो तो तंगेडु आणि गुनुगुचा. बाजारातला शेवंती-झेंडू आता घालतात, पण नानम्मा, म्हणजे आजी, असेल त्या घरात पहिला थर माळावरच्या फुलांचाच लागतो. शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांसाठी, मागांसाठी तेलंगणातून ही माणसं सोलापूरला आली. गाव बदललं, जमीन गेली, झाडाशी रोजचा संबंध उरला नाही. सणानं मात्र ओळख राखली. अंगण नसलेल्या घरातल्या मुलीला तरवड ओळखता येतो, कारण वर्षातून एकदा तिला तो शोधावाच लागतो.

मला तिथं उन्हात उभं असताना त्या बेटावरच्या शिक्षकांना काय वाटलं असेल ते थोडंसं कळलं.

चित्रांतल्या काही वनस्पती कुणालाच ओळखता आल्या नाहीत. मग आम्ही वही केली. डावीकडं चिकटवलेलं चित्र, उजवीकडं चार रकाने, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू. तरवडाचे मराठी-तेलुगू रकाने माळावरच भरले, अक्कलकोटकडच्या एका मुलानं आवरिके हे कन्नड नाव सांगितलं. रिकामे राहिलेले रकाने मुलं घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आज्यांकडून नावं आली, नावांबरोबर काढे आले, कशाची भाजी करायची आणि कशाला हात लावायचा नाही ते आलं. एका आजीनं निरोप पाठवला की वर्गात येऊन सांगते, आणि त्या आल्या. पाय दुखत असताना जिना चढून आल्या. मी फळ्याजवळून बाजूला झाले.

मुलांनी तेव्हा मला एक प्रश्न विचारला, तो इथं लिहायला हवा. बतकम्मासाठी आपण फुलं तोडतो, मग आपणही रॉड्रिग्जच्या लोकांसारखंच करतोय का? मी लगेच उत्तर दिलं नाही. आम्ही बांधावर जाऊन बघितलं. कुरडू वर्षभराचं झुडूप, एका तुऱ्यात बारीक काळ्या बियांचा सडा असतो. काही तुरे ठेवले तर पुढच्या वर्षी दुप्पट. तरवडाची फुलं तोडली तरी फांदी मोडली नाही तर बिघडत नाही, शेंगा धरायला बाकी फुलं असतात. ज्याचं एकच झाड उरलंय आणि ज्याची शेकडो आहेत त्यांचा नियम एक असू शकत नाही. मुलांनी स्वतःच ठरवलं, फांदी मोडायची नाही, एका झुडपाची सगळी फुलं घ्यायची नाहीत, आणि जे ओळखू येत नाही ते तोडायचं नाही. हा तिसरा नियम मला शिकवता आला नसता.

रॉड्रिग्जकडून अधूनमधून चांगलंही ऐकू येतं. तिथलं सोनेरी केसांचं वटवाघूळ १९७०च्या दशकात शंभराच्या आत आलं होतं, आता त्यांची संख्या हजारोंत आहे. २००७ मध्ये लेगाच्या नावानं एक राखीव क्षेत्र सुरू झालं. तिथं अल्डाब्रा बेटावरची महाकाय कासवं आणून सोडली, देशी झाडांची प्रचंड लागवड केली. संपलेली कासवं परत येणार नाहीत, त्यांचं काम करायला दुसरी आणली. कासवं पुन्हा चरू लागली आहेत अशा बेटावर रानकॉफीची रोपं आता पुन्हा आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. तिचं ते तपकिरी पानांचं सोंग कदाचित परत कामाला येईल. तरी काळजी आहेच. सगळी रोपं एका झाडाच्या पोटची. एखादा रोग आला तर त्यांच्यात वेगळेपण असं फारसं नाही. बेटाची स्वतःची एक जास्वंदही आहे, हिबिस्कस लिलिफ्लोरस, तीही रानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहे. आमच्या वर्गातल्या टेबलावर फूल ठेवताना मी तिचं नाव घेते.

यंदा आम्ही ज्या माळावर जातो त्याच तुकड्यावर वृक्षारोपण होणार असल्याचं कळलं. हजार रोपं, खड्डे खणायची यंत्रं ठरलेली. मुलांनी पत्र लिहिलं. मी शुद्धलेखनसुद्धा दुरुस्त केलं नाही, फक्त पाकीट आणून दिलं. पत्रात लिहिलंय की झाडं लावा पण रस्त्याकडेला, शाळेच्या पटांगणात, आमच्या गल्लीत लावा, तिथं सावली नाही. माळावर आधीच पुष्कळ काही आहे. खाली वहीतली सगळी नावं चारही भाषांत, रकाने आखून.

वृक्षारोपण करणाऱ्या मंडळींचा फोन आला. म्हणाले, जागेवर येऊन दाखवा, मग ठरवू. येत्या रविवारी सकाळी सातला माळावर भेटायचं ठरलंय. मुलं येणार आहेत, त्या आजीही येणार आहेत, त्यांच्यासाठी रिक्षा सांगितली आहे. सोलापुरातल्या कुणाला यायचं असेल तर जरूर या. बूट घालून या, कुसळं फार टोचतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना माळावरच्या झाडांची जी नावं येत असतील ती लिहून आणा. आमच्या वहीत अजून बरेच रकाने रिकामे आहेत.